बोटभर फटीचा जिना

फार जुन्या काळी, जेव्हा गावं कड्यावर वसायची आणि पाणी कड्याखाली राहायचं, तेव्हा एका मुलीच्या कमरेवरच्या कळशीतलं पाणी थरथरलं.

तुम्ही म्हणाल, कळशीतलं पाणी हलायचंच, त्यात सांगण्यासारखं काय? पण ऐका. ती मुलगी त्या वेळी चालत नव्हती. जिना चढता चढता दम लागला म्हणून एका पायरीवर थांबली होती. वारा पडलेला होता. तिनं श्वाससुद्धा रोखून धरला होता. तरी पाण्यावर बारीक बारीक वलयं उमटली, काठाला जाऊन विरली आणि पुन्हा उमटली.

मुलगी दचकली.

अर्थात ती दचकली यात कुणाला नवल वाटलं नसतं. गावात तिला दचकीच म्हणायचे. पाळण्यात ठेवलेलं नाव पाळण्यातच राहिलं. झाकण पडलं की ती दचकायची, मागून कुणी खोकलं की दचकायची, घारीची सावली अंगणातून सरकली तरी दचकायची. पंगतीत कुणीतरी मुद्दाम तिच्या पाठीशी टाळी वाजवायचं, तिच्या हातातली वाटी उडायची आणि सगळी पंगत हसायची. तीही हसायची, पण जरा उशिरा.

त्यामुळे घरी येऊन ती म्हणाली, "आबा, जिन्याची पायरी हलतेय," तेव्हा वडिलांनी मान वर न करताच उत्तर दिलं.

"पायरी नाही हलत, पोरी. तू हलतेस."

चुलीपाशी बसलेली वहिनी पदरात हसली. "वन्सं, उद्यापासून मीच जाते पाण्याला. तुम्ही इथं बसून कळशीला धीर द्या."

आता हा जिना कसा होता ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

कडा भिंतीसारखा ताठ होता. माथ्यावर गाव, तळाशी झरा, आणि दोन्हींना जोडणारा हा एकच जिना. कड्याच्या अंगात भोकं पाडलेली, प्रत्येक भोकात एक लांब चिरा ठोकलेला. चिऱ्याचं शेपूट कड्यात, बाकी सगळं अंग हवेत. खाली आधार नाही, बाजूला कठडा नाही. गावातल्या प्रत्येक घराची एक पायरी. ज्याची पायरी, त्यानंच ती वरून दोरांनी सोडून बसवायची, त्यानंच सांभाळायची.

आणि एक रीत होती. वरच्या पायरीचा काठ खालच्या पायरीला लागता कामा नये. दोघींच्या मध्ये बोटभर फट हवी. वर्षातून एकदा, दोऱ्याच्या दिवशी, देवळाचा गुरव हळदीत भिजवलेला दोरा घेऊन जिना उतरायचा आणि एकेका फटीतून तो ओढायचा. दोरा सरळ निघाला की घरमालक मिशीला पीळ द्यायचा. दोरा अडकला तर ते झालं 'टेकलेलं घर'. टेकलेल्या घरात कुणी मुलगी देत नसे, टेकलेल्या घरातली मुलगी कुणी करून घेत नसे. सगळ्या पायऱ्या हवेत लोंबत होत्या. पण कुणीही कुणाच्या आधारानं उभं नव्हतं, आणि गावाला भारी अभिमान होता तो याचाच.

पाणी थरथरलं ती पायरी पाटलांची होती.

दुसऱ्या दिवशी दचकी रिकामी कळशी घेऊन गेली आणि त्या पायरीशी उकिडवी बसली, नाक कड्याला लावून. चिऱ्याचं शेपूट जिथं कड्यात शिरत होतं, तिथून भुकटी गळत होती, जात्याच्या कडेनं पीठ गळावं तशी. तिनं बोट लावून पाहिलं. भुकटी ओली होती. कड्याच्या पोटात कुठंतरी पाणी झिरपत होतं आणि दगडाला आतून खात होतं.

तिला आता नुसती भीती वाटत नव्हती. भीतीचं कारण माहीत झालं होतं, आणि ते जास्त वाईट.

कारण वहिनी रोज त्या पायरीवरून जायची. दचकीचा दादा राजाच्या फौजेत दूर देशी गेला होता. जाताना तो बहिणीला म्हणाला होता, "हिला सांभाळ." इतरांनी तिच्याकडे कधी तान्हं मूलसुद्धा सोपवलं नव्हतं. सगळ्या आयुष्यात तिला कुणी काही सांभाळायला दिलं असेल, तर एवढंच.

त्या दिवसांत आबा गोठ्यावरची कौलं चाळत होते. दचकी खाली उभी राहून कौलं हातात देत होती. आबांचा पाय एका कौलाला लागला, कौल घसरलं, आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले. आवाज झालाच नाही. डोळे उघडून पाहिलं, तर ते कौल खालच्या कौलाच्या काठाला ओठ लावून थांबलं होतं. खालचं कौल त्याच्या खालच्याला. असं करत करत सगळ्यांचं ओझं वळचणीच्या वाशापर्यंत पोचलं होतं आणि तिथून भिंतीत उतरलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "ही कौलं एकमेकांना टेकलीत."

"मग? सुटी ठेवली तर राहतील होय?"

"मग पायऱ्या का सुट्या ठेवायच्या?"

आबांनी वरून तिच्याकडे असं पाहिलं, की ती पुढचं कौल द्यायला विसरली.

तिनं परसात ओली माती कालवली. गोठ्याच्या भिंतीला भोकं पाडून मातीच्या पायऱ्या बसवल्या, अगदी गावच्या जिन्यासारख्या, बोटभर फट ठेवून. वाळल्यावर वरच्या पायरीवर वरवंटा ठेवला. पायरी मोडून पडली आणि पडताना खालच्या सगळ्या घेऊन गेली. मग तिनं पुन्हा माती कालवली. या वेळी वरच्या पायरीच्या पुढच्या काठाला ओठ काढला, खालच्या पायरीच्या मागच्या काठाला खाच केली आणि ओठ खाचेत बसवला. सगळ्यात खालची पायरी जमिनीत रोवली आणि तिच्यावर एकेक रचत वर गेली.

वहिनी मागं येऊन उभी राहिली. पण चोरपावलांनी नाही, कारण तिला हे एक कळत होतं, की दचकीजवळ येताना आधी बांगड्या हलकेच वाजवायच्या.

"ठेवू का वरवंटा?" वहिनीनं विचारलं.

"तुम्ही ठेवा. मला बघवणार नाही."

वहिनीनं वरवंटा ठेवला. जिना तसाच राहिला. मग तिनं वरवंट्यावर पाटा ठेवला. तरी तसाच.

"अगंबाई! धरलं की हो यानं!" वहिनी म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "वन्सं, पाटलांची पायरी खरंच हलते?"

त्या एका प्रश्नासाठी दचकी तिच्या गळ्यात पडून रडली. कारण इतके दिवस तिला कुणी हे विचारलंच नव्हतं.

दोघींनी ठरवलं की चावडीवर जायचं. दचकीनं एका पाटावर नवा जिना रचला, मागं फळी उभी करून. चावडीत पाटील लोडाला टेकून बसले होते, शेजारी गुरव, भिंतीशी बाकीचे घरमालक आणि कोपऱ्यात आबा. वहिनी दाराबाहेर थांबली, कारण सुनांनी आत यायची रीत नव्हती.

दचकीचा आवाज आधी फुटेना. मग फुटला तो थांबेना. "याला ओठ आहे, त्याला खाच आहे. ओठ खाचेत बसला की वरची पायरी खालचीवर भार देते, ती तिच्या खालचीवर, आणि शेवटची कातळावर. मग शेपटावर ओझं राहत नाही, शेपूट नुसतं हात धरून उभं राहतं. आणि बसवायचं खालून वर. बसलेल्या पायरीवर उभं राहून पुढची बसवायची. दोरावर लोंबकळायला नको. नवे चिरेसुद्धा नकोत, आत्ता नुसत्या फटीत दगडाच्या कपच्या बसवल्या तरी..."

"थांब, थांब," पाटील म्हणाले. "म्हणजे माझी पायरी माझ्या खालच्या घराच्या पाठीवर बसणार?"

"हो."

"आणि माझ्या पाठीवर माझ्या वरचा बसणार?"

"हो... म्हणजे, सगळेच सगळ्यांच्या..."

"सगळेच सगळ्यांच्या!" पाटलांनी चावडीकडे पाहत मांडीवर थाप मारली. "ऐकलंत का? कड्यावरचं गाव काढून उतरंड मांडायला निघाली ही!"

चावडी खदखदून हसली. दचकी म्हणाली, "पाटीलबाबा, तुमच्याच पायरीची भुकटी गळतेय." हसणं थांबलं. पाटलांचा चेहरा उतरला नाही, पण कडक झाला. "माझ्या पणजोबांनी ती पायरी ठोकली. तिच्या खालून अजून एकदाही दोरा अडकलेला नाही."

"दोरा अडकत नाही म्हणूनच तर..."

त्याच वेळी गुरवानं, मुद्दाम की सहज ते देव जाणे, हातातली घंटा वाजवली.

दचकी दचकली. पाट हातातून सुटला. मातीचा जिना चावडीच्या फरशीवर आपटून त्याचं ढेकूळही उरलं नाही.

"बघा," पाटील म्हणाले, "हिची पायरी हिलाच धरवेना."

आबा कोपऱ्यात आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "तुझ्या भित्रेपणाची लाज आजवर घरात होती. आता चावडीवर गेली."

यापुढं शहाण्या मुलीनं गप्प बसायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही. दुपारी गाव पडून असताना दचकी दगडाच्या चपट्या कपच्या ओटीत घेऊन जिना उतरायची आणि तळापासून एकेका फटीत ठोकून बसवायची. वहिनी झऱ्याकाठी धुणं आपटत पहारा द्यायची. धुण्याच्या आवाजात ठोकण्याचा आवाज लपायचा.

"पाटलांचीच हलतेय, तर तिथूनच का नाही सुरुवात करत?" वहिनीनं एकदा विचारलं.

"तिला टेकायचं तर तिच्या खाली कुणीतरी टेकलेलं हवं ना, वहिनी. नाहीतर मधलीच्या गळ्यात ओझं पडेल."

"म्हणजे पाटलांना वाचवायला आधी सगळ्या गावाला वाचवायला लागतंय," वहिनी हसली. "वन्सं, तुम्ही दिसता तेवढ्या साध्या नाही हं."

कपच्या चढत चढत दचकीच्या स्वतःच्या घराच्या पायरीपर्यंत आल्या. तिथून पाटलांची पायरी थोडीच वर राहिली होती. आणखी काही दुपारी मिळाल्या असत्या तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नसती. पण दोऱ्याचा दिवस उजाडला.

सगळं गाव कड्याच्या माथ्यावर जमलं. गुरव दोरा घेऊन उतरू लागला. पाटलांच्या फटीतून दोरा लोण्यातून निघावा तसा निघाला आणि वर ढोल वाजला. पुढच्या फटीतून निघाला, त्याच्या पुढच्यातूनही. आणि दचकीच्या घराच्या पायरीखाली तो अडकला.

गुरवानं ओढून पाहिलं. दोरा तुटला. ढोल थांबला.

"टेकलंय!" गुरव ओरडला. "आबांचं घर टेकलंय!"

खालच्या फटी पाहिल्या, तर तिथंही कपच्या. घरमालक हातोड्या घेऊन धावत उतरले आणि शिव्या देत आपापल्या पायरीखालची कपची उडवू लागले. झऱ्याजवळच्या शेवटच्या काही पायऱ्यांवर नेच्याची पानं लोंबत होती, तिथल्या कपच्या तेवढ्या त्यांना दिसल्या नाहीत. आबांनीही आपल्या पायरीखालची कपची काढली. दातओठ खात, एका फटक्यात. कपची कड्यावर टणटणत खाली गेली. दचकीला वाटलं, तो आवाज आता आपल्या कानातून कधी जायचा नाही.

"मी बसवल्या!" ती म्हणाली. "वहिनीचा दोष नाही, आबांचा नाही. मी बसवल्या." पण त्या गलक्यात तिचा आवाज तिच्याच पायाशी पडला.

टेकलेल्या घराला एकच प्रायश्चित्त होतं. घरच्या मुलीनं खाली जाऊन कळशी भरून द्यायची आणि घरच्या सुनेनं ती सगळ्या गावादेखत वर आणायची, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जोडून, थांबून. पायरीनं एकटीनं ओझं पेललं, असं गावानं डोळ्यांनी पाहायचं.

"आबा, वहिनीला नका पाठवू," दचकीनं त्यांचे पाय धरले. "मी आणते. मी हलकी आहे. मला पाठवा."

"मुलगी परक्याचं धन. तिचं चालत नाही," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, पण त्यांनी पाय मात्र सोडवून घेतले. "आणायला दे तिला. एकदा झालं की संपेल. तुझ्या दादाला घरी येताना मान वर करून येता यायला हवं."

दोघी खाली उतरल्या. झऱ्यावर दचकीनं कळशी भरली. पण उचलताना अर्धं पाणी साडीवर सांडलं. वहिनीनं कळशी तिच्याकडून घेतली आणि स्वतः काठोकाठ भरली.

"पाटलांच्या पायरीवर पाय ठेवू नका," दचकी कुजबुजली. "ओलांडून जा."

"वरून सगळे बघतायत. आणि ओलांडून गेले, तर उद्या म्हणतील, टेकलेल्या घरानं पाटलांची पायरी ओलांडली."

"म्हणू देत ना!"

"आबांकडे बघा जरा," वहिनी म्हणाली. आबा वर कड्याच्या काठाशी उभे होते. एका दिवसात वाकलेले दिसत होते. "मी हळूच ठेवीन पाय. तुम्ही डोळे मिटून घ्या."

दचकीनं मिटले नाहीत.

वहिनी एकेक पायरी चढत गेली. दोन्ही पाय जोडायचे, थांबायचं, पुढं. आपल्या घराच्या पायरीवर ती थांबली तेव्हा वरून कुणीतरी शाबास म्हटलं. आणखी थोडी चढली. मग तिनं पाटलांच्या पायरीवर एक पाय ठेवला. मग दुसरा. थांबली.

आणि तिनं मान वळवून कमरेवरच्या कळशीत पाहिलं.

वहिनी हलत नव्हती. वारा पडलेला होता. तिनं तिथूनच खाली दचकीकडे पाहिलं. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. फार उशिरा काही पटलेल्या माणसाचा होता.

"वन्सं," ती म्हणाली, "पाणी..."

पाटलांची पायरी शेपटासकट निसटली. ती खालच्या पायरीवर पडली, ती तिच्या खालचीवर, आणि सगळा जिना एकामागून एक उतरत आला, जणू गावातलं एकेक घर खाली यायला निघालं होतं. दचकी झऱ्याच्या कपारीत ढकलली गेली. धूळ बसली तेव्हा जिन्याचा मधला भाग उरला नव्हता. वर काही पायऱ्या लोंबत होत्या. खाली नेच्याआडच्या, कपच्या लावलेल्या त्या थोड्या पायऱ्या उभ्या होत्या. एवढे चिरे अंगावर झेलूनही त्या एकमेकींना धरून तशाच होत्या.

वहिनी वाळूवर पडली होती. तिचा श्वास चालू होता.

"दोर सोडा!" दचकी ओरडली. "वहिनी जिवंत आहे! दोर सोडा, वैदूला उतरवा!"

वरच्या उरलेल्या पायऱ्यांवर डोकी दिसली. एकानं दोराचं वेटोळं आणलं. मग गुरवाचा आवाज आला.

"थांबा. आधी ठरू दे, कुणाची पायरी आधी गेली."

"टेकलेल्या घराचीच गेली असणार!"

"ती खाली होती. वरून काहीतरी पडल्याशिवाय ती कशी जाईल?"

"म्हणजे पाटलांची गेली म्हणायचंय तुला?"

"मी नाव घेतलं का कुणाचं?"

"जो दोर सोडेल," पाटलांचा आवाज आला, "त्यानंच आपला दोष कबूल केला असं धरलं जाईल. मग गावाचा जिनाही त्यानंच बांधायचा. आता सोडा कुणाला सोडायचाय तो."

दोराचं वेटोळं मागं गेलं. डोकीही एकेक करून मागं गेली. भांडण कड्याच्या काठापासून चावडीपर्यंत सरकलं आणि मग खाली त्याचा नुसता गुणगुणाट येऊ लागला.

दचकी हाका मारत राहिली. "पाटीलबाबा! गुरवबुवा! आबा! आबा, ऐकताय का?" कडा तिच्या हाका तिलाच परत देत होता. दुसरं कुणी काही देत नव्हतं.

तिनं ओंजळीनं वहिनीच्या तोंडात पाणी घातलं. वहिनीनं डोळे उघडले.

"एवढा मोठा आवाज झाला," वहिनी हळूच म्हणाली, "आणि वन्सं, आज तुम्ही दचकलाच नाहीत."

दचकीला हसावं की रडावं कळेना. वहिनीनं तिचा हात चाचपडून धरला. सावली कड्यावर चढत गेली. दचकी हाक मारायची, मग कान लावायची, मग पुन्हा हाक मारायची. ऊन माथ्यावरून नाहीसं झालं तेव्हा तिच्या हातातला हात जड झाला.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, आणि ते मी सांगणार नाही.

सकाळी तिनं वर तोंड करून सांगितलं, "वहिनी गेली." ती ओरडली नाही, तरी कड्यानं ते शब्द वर नेले असणार. कारण वरचा गुणगुणाट एकदम बंद झाला. तिला वाटलं, आता तरी. पण थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठा. आता दोष आणखी जड झाला होता, आणि तो उचलायला आणखीच कुणी तयार नव्हतं.

तेव्हा दचकीला कळलं, की दोर यायचा नाही. दादाला सांगायला आपल्यापाशी काही उरलं नाही, हेही कळलं. तिनं आपला पदर फाडून वहिनीवर पांघरला आणि दगड उचलायला लागली.

का, ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मोठे चिरे तिच्यानं हलत नव्हते. फुटलेले तुकडे तिनं उभ्या राहिलेल्या पायऱ्यांवर नेले, एकाचा काठ दुसऱ्याच्या पाठीवर टेकवला, फटीत कपची ठोकली, त्यावर उभी राहिली आणि पुढचा तुकडा ओढला. हात सोलून निघाले. वर मुलं पाण्यासाठी रडू लागली होती, ते खालपर्यंत ऐकू येत होतं. प्रत्येक तुकडा बसवल्यावर ती वर पाहून हाक मारायची. आता ती दोर मागत नव्हती.

"चिरे सोडा! मोठे चिरे सोडा! मी खालून टेकवत येते!"

कुणी बोललं नाही.

"एकच सोडा!"

तिचा आवाज बसत बसत नुसता श्वास उरला. हाताशी आलेले तुकडेही संपले. शेवटच्या तुकड्यावर ती उभी राहिली आणि वरच्या लोंबत्या पायऱ्यांकडे पाहिलं. मधलं अंतर एवढं होतं, की त्यात सगळं गाव मावलं असतं. तिनं कपाळ कड्याला टेकवलं. तरी सवयीनं, ओठांतल्या ओठांत, तिनं आणखी एकदा हाक मारली.

"कुणी आहे का?"

वरून बारीक माती तिच्या खांद्यावर पडली.

ती दचकली. खूप वेळानं, पहिल्यांदा.

तिनं वर पाहिलं. दोराला बांधलेला एक लांब चिरा हेलकावे खात खाली येत होता. तो जिन्याचा चिरा नव्हता. मधोमध झिजून त्याला खोलगट पाळं पडलं होतं, कडेला हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. दचकीनं तो ओळखला. तो त्यांच्या घराचा उंबरठा होता. लग्नाच्या दिवशी वहिनीनं याच्यावरचं माप ओलांडलं होतं.

दोर सोडणाऱ्याचे हात वर शेवटच्या लोंबत्या पायरीवर दिसत होते, म्हातारे, दोराच्या काचानं लाल झालेले. त्याच्या मागं चावडीतली सगळी माणसं उभी होती. दोर कुणी सोडला हे आता सगळ्या गावाला दिसलं होतं.

चिरा तिच्या हाताच्या अंतरावर येऊन थांबला. आणि वरून आबांनी विचारलं,

"कुठं टेकवू, पोरी?"

तात्पर्य: जो कुणालाच टेकत नाही, तो पडताना मात्र एकटा पडत नाही.